खोलीत आणखी कोण आहे?

मी मुळातच संशयी बाई आहे. घरात दूध नासलं तर मी आधी दूधवाल्यावर संशय घेते, मग भांडं घासणाऱ्या बाईवर, आणि उन्हाळा लागलाय हे माझ्या सगळ्यात शेवटी लक्षात येतं. आमचे हे म्हणतात, हिला डॉक्टर करण्यापेक्षा पोलिसात घातली असती तर हिंगोलीत चोऱ्या झाल्या नसत्या. म्हणू देत. इतकी वर्षं इथे दवाखाना चालवल्यावर मला एवढं कळलंय की पेशंटचं तोंड एक सांगतं आणि अंग दुसरं. पोट दुखतंय म्हणून आलेल्या माणसाची छाती दुखत असते. "काही तकलीफ न्हाई, सहज आलतो" म्हणणाऱ्याला मी सगळ्यांच्या आधी कॉटवर घेते. ऐकायचं सगळं, पण विश्वास ठेवायचा तो हाताला जे लागेल त्यावर.

अशा माझ्या टेबलावर एक दिवस पडद्याचा तो टॅब येऊन बसला. एका ट्रस्टची माणसं आली होती. आखाडा बाळापूरच्या आतल्या अंगाला जी गावं आहेत तिथल्या लोकांना हिंगोलीपर्यंत यावं लागू नये, त्यांनी आपल्या फोनवरून किंवा गावातल्या सिस्टरच्या खोलीतून डॉक्टरांशी बोलावं, अशी त्यांची योजना होती. मी नाही म्हटलं. मला बोट लावल्याशिवाय औषध देता येत नाही, असं स्पष्ट सांगितलं. पण आमचे हे तेव्हा कोर्टातल्या कारकुनीतून नुकतेच निवृत्त झाले होते आणि घरात त्यांना करमत नव्हतं. त्यांनी माझ्या वतीनं हो म्हणून टाकलं. टॅब चार्जिंगला लावणं, पडदा मऊ फडक्यानं पुसणं, चित्र अडकलं की ते सोडवणं, ही सगळी खाती त्यांनी स्वतःकडे घेतली. आठवड्यातून दोन दुपारी मी पडद्यासमोर बसायची आणि हे कपाटाच्या कडेला, कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा बेतानं, स्टुलावर पेपर वाचत बसायचे.

पहिले काही आठवडे मी फक्त माणसांचे कान तपासले. समोर चेहरा दिसायचा, मी "कुठं दुखतंय?" विचारलं की फोन सवयीनं कानाला जायचा आणि माझ्या पडद्यावर एक भला मोठा कान यायचा. "अहो, फोन तोंडासमोर धरा" म्हटलं की कान विचारायचा, "मंग तुमचं ऐकू कसं येईल?" एका म्हाताऱ्या काकांनी तर नमस्कार झाल्याबरोबर मनगट पुढं केलं. आमच्याकडची जुनी माणसं अशीच. ती दुखणं सांगत नाहीत, नाडी पुढं करतात आणि गप्प बसतात. दुखणं आपण ओळखायचं. काकांचं मनगट पडद्यावर कितीतरी वेळ तसंच होतं.

"काका, इथून नाडी नाही कळत," मी म्हटलं.

"मंग इथून कळतं तरी काय?" काका म्हणाले.

मला राग आला, कारण मी स्वतःला नेमकं हेच विचारत होते.

त्या पडद्यावर प्रत्येक माणूस वेगळ्या रंगाचा दिसायचा. निळ्या ताडपत्रीखाली बसलेला निळा, पत्र्याच्या झळीत बसलेला लाल. एकदा एका आजोबांची छाती हलेना. मी खुर्चीतून उठलेच. ह्यांनी पुढं होऊन टॅब हलवला आणि म्हणाले, "आजोबा ठीक आहेत, लाईन अडकलीय." लोकही मला काही कमी संशयानं बघत नव्हते. हे कुठं टीव्हीवर दिसतंय का, शूटिंग करून कोणाला दाखवता का, हे प्रश्न औषधाच्या आधी यायचे. एका आजींना जीभ दाखवा म्हटलं तर त्यांनी पदर तोंडाला लावला. "काहून दाखवू? सुना बघून राहिल्या की इकडं!"

मला सगळ्यात जास्त खुपायचं ते वेगळंच होतं. दवाखान्यात एखाद्या सुनेला बोलतं करायचं असलं की मी सासूला "जरा बाहेर बसा" म्हणते आणि दार लावून घेते. पडद्याला दार नसतं. समोर बसलेला माणूस बोलता बोलता बाजूला बघायचा, तिकडून कोणीतरी पुटपुटायचं आणि मग उत्तर यायचं. ते पुटपुटणारं माणूस मला कधीच दिसायचं नाही. "खोलीत आणखी कोण आहे?" हे मी प्रत्येकाला विचारायची. "कोन बी न्हाई" हे उत्तर ठरलेलं. माझा त्यावर काडीचाही विश्वास नव्हता.

हळदीच्या दिवसांत तो फोन आला. सिस्टर बाळंतपणासाठी माहेरी गेलेली होती, त्यामुळे घरच्यांनीच आपल्या फोनवरून लावला होता. पडद्यावर साठीच्या एक मावशी. सुनेला आठवा लागलाय, अन्नावर वासना नाही, मळमळतंय, अंगाला खाज सुटलीय. मी म्हटलं, "तिला समोर बसवा." मावशींनी "ये गं" म्हणून हाक मारली. दाराशी साडीचा काठ दिसला. तेवढ्यात आमचे हे खोकले. त्यांना खोकला नाही, सवय आहे. पेपरचं पान उलटलं की खोकतात.

लगेच माझ्या पडद्यावर छप्पर आलं. छपराचं मला नवल नव्हतं, दर फोनमध्ये एकदा तरी छप्पर, पंखा आणि कोणाचा तरी अंगठा बघावा लागतो. कुजबुज ऐकू आली. मग चित्र सरळ झालं आणि डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई समोर येऊन बसली.

तिचे तळहात पिवळेधमक होते. पण हळद शिजवून, वाळवून, घासून काढायच्या त्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात कोणाचे हात पिवळे नसतात? माझ्या दवाखान्याच्या दारावर बोटांचे पिवळे ठसे असतात. मी तिला उजेडाकडे तोंड करून खालची पापणी ओढायला सांगितलं. डोळे पांढरेस्वच्छ. मला जरा बरं वाटलं.

"लघवी कशा रंगाची होते?"

तिनं डावीकडे बघितलं. "लई पिवळी. गडद."

"खाज कधी जास्त? कुठं?"

पुन्हा डावीकडे. "तळहाताला, तळपायाला. डोळा लागू देत न्हाई."

"मावशी, तिला बोलू द्या," मी तडकून म्हणाले. "तुम्ही बाजूनं सांगू नका."

"म्या कुठं सांगून राहिले?" मावशींचा आवाज आला. "म्या तर फोन धरून बसले."

डोळे निरोगी आणि उत्तरं कावीळ झालेल्या बाईची. माझ्या मनात दोन्हींचा मेळ बसेना. मी म्हटलं, उद्याच्या उद्या हिला घेऊन या, रक्त तपासायचंय. मावशी म्हणाल्या, हळद उघड्यावर पडलीय, ती आवरली की येतो. मी आवाज चढवला. त्यांनी सुनेला पाणी आणायला पिटाळलं, ती बाई समोरून उठून गेली, आणि लाईन तुटली. तुटली की तोडली, कोण जाणे.

संध्याकाळी दवाखान्यात एक पोटुशी बाई आली होती. तपासून झाल्यावर ती बाकावरून उठली. आधी एक हात बाकावर टेकला, पाय जरा फाकवले, दुसरा हात कमरेवर, आणि मग "आई गं" करत सरळ झाली. मी तिच्याकडे बघतच राहिले. दुपारची ती बाई जमिनीवर मांडी घालून बसली होती, आणि पाणी आणायला एका झटक्यात उठली होती. हात न टेकता.

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. मावशी फोन धरून बसल्या होत्या, म्हणजे त्या फोनच्या मागे होत्या. त्या पढवत असत्या तर बाईनं समोर बघितलं असतं. ती डावीकडे बघत होती. डावीकडे कोण होतं?

"काटक असेल," आमचे हे म्हणाले. "खेड्यातल्या बायका काटक असतात. तुला सगळ्यांत खोटंच दिसतं."

मी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मी घाबरले होते, हे सरळ सांगते. आठव्या महिन्यातल्या बाईला होणारी कावीळ मी पाहिलेली आहे. ती सवड देत नाही. सकाळी बोलणारी बाई संध्याकाळी ओळख विसरते. आणि मी पांढरे डोळे बघून बरं वाटून घेतलं होतं, ते डोळे कोणाचे होते हेच मला माहीत नव्हतं.

सकाळी दवाखाना उघडलाच नाही. ह्यांनी गाडी काढली. बाळापूरच्या पुढं आत वळल्यावर रस्ताभर हळदीचा वास होता. टॅबमधल्या नोंदीत गावाचं नाव होतं, विचारत विचारत घर सापडलं. अंगणभर हळकुंडं वाळत घातलेली, कोंबड्यांचे पायसुद्धा पिवळे. मावशी दारात आल्या आणि जागीच थबकल्या.

"तुमी? काहून आल्या इतक्या लांब?"

"सून कुठंय?"

त्यांनी हाक मारली. कालचीच बाई बाहेर आली. मी सरळ जाऊन तिच्या पोटावर हात ठेवला. पोट सपाट होतं.

"मावशी, ही पोटुशी नाही. पोटुशी कुठंय?"

मावशी हळकुंडांकडे बघत राहिल्या. त्या बाईलाच राहवलं नाही. "आतमदी हाय, म्याडम. म्या तिची जाऊ."

आतल्या खोलीत अंधार होता. गोधडीवर एक पोरसवदा बाई कुशीवर पडली होती. मी तिला दाराच्या उजेडात घेतलं आणि पापणी ओढली. डोळ्यांत हळद कालवल्यागत झालं होतं. माझ्या तोंडून भलतंसलतं गेलं. मी त्या घराला काय काय बोलले ते मला आठवत नाही, पण शेजारच्या अंगणातल्या बायका काम थांबवून उभ्या राहिल्या होत्या एवढं आठवतं.

"म्याडम, जावंला नका बोलू," गोधडीवरून ती क्षीण आवाजात म्हणाली. "म्या दाराआड बसून समदं बराबर सांगत व्हते. तिनं तसंच्या तसं तुमाला सांगितलं. एक बी गोष्ट खोटी न्हाई."

आणि ते खरं होतं! दुखणं हिचं, शब्द हिचे, फक्त तोंड दुसरीचं. त्या घरात कोणाला त्यात वावगं वाटलंच नव्हतं. फोनवर बोलणंच जातं, मग बोलणं खरं असलं की झालं, बसायला कोणी का बसेना, असा त्यांचा सरळ हिशेब होता. डोळे दुखणं सांगतात हे त्यांच्या गावीही नव्हतं.

तिचा नवरा हळद विकायला हिंगोलीच्या मोंढ्यात गेला होता. त्याला परस्पर नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात यायला सांगितलं आणि तिला आमच्याच गाडीत घातलं. मावशी मागे बसल्या, सुनेचं डोकं मांडीवर घेऊन. मी पुढं बसून मान वळवून वळवून तिच्याशी बोलत होते. तुझं माहेर कुठलं, काल काय खाल्लंस. ती उत्तरं देत होती तोवर माझ्या जिवात जीव होता.

"मावशी, कशाला केलंत असं?" मी शेवटी विचारलं. "मी बाईमाणूस. माझ्यासमोर बसायला काय झालं होतं?"

"तुमी बाई हाव, व्हय," मावशी म्हणाल्या. "पर तुमच्या मागं कोनी गडीमाणूस व्हता. आमी ऐकलं. पोटुशी लेक अशी परक्या गड्याफुडं बसवावी का, दिसंना कोन हाय कोन न्हाई? नजर लागती, म्याडम."

"माझ्या मागं कोणी नव्हतं," मी म्हटलं. मला खरंच आठवलं नव्हतं.

तेवढ्यात समोर म्हशी आडव्या आल्या. ह्यांनी ब्रेक दाबला आणि खोकले.

मागची सीट एकदम ताठ झाली. "ह्योच!" मावशी म्हणाल्या. "म्याडम, ह्योच त्यो!"

ह्यांनी आरशातून मागं बघितलं, मग माझ्याकडे. ह्यांचे कान लाल झाले होते.

"हे आमचे मिस्टर आहेत," मी म्हणाले.

"असतील. वंगाळ न्हाईत, दिसून राहिलं. पर सांगायचं न्हाई का? तुमी आमाला पुसता, मावशी खोलीत कोन हाय. आमी कोनाला पुसावं?"

म्हशी गेल्या. गाडी निघाली. नांदेड येईपर्यंत मी अधूनमधून "ऐकतेस ना?" विचारायची आणि ती "व्हय" म्हणायची. शेवटचं "व्हय" मला नीट ऐकू आलं नाही.

तिथल्या डॉक्टरांनी तिला आत घेतलं. वेळेत आणलंत, पण दोघांचं आत्ता काही सांगता येणार नाही, असं म्हणाले. ही भाषा मला कळते. मीही वापरते. नवरा येऊन पोचला, मग आम्ही परतलो.

त्यानंतर त्या घराचा फोन लागेनासा झाला. नांदेडच्या डॉक्टरांना विचारावं तर तिथं दुसरे आले होते, त्यांना काही ठाऊक नव्हतं. सिस्टर अजून माहेरीच. मी म्हटलं, वाईट झालं असणार, म्हणून कोणी तोंड दाखवत नाही. हे टॅब मात्र रोज पुसून ठेवायचे, फोनचा वार नसला तरी.

मी एक नवा रिवाज सुरू केला. फोन जुळला की काही विचारण्याआधी मी टॅब उचलते आणि सगळी खोली फिरवून दाखवते. कपाट, वजनकाटा, खिडकी, लावलेलं दार, रिकामं स्टूल. ह्यांची रवानगी मी बाहेरच्या बाकावर केली, तिथं त्यांनी मनसोक्त खोकावं. मग म्हणते, "आता तुमची खोली दाखवा." पहिल्यांदा लोक हसायचे. मग फिरवायचे. आणि काय काय निघायचं! दाराआड नणंद, खाटेवर सासरा, खिडकीत शेजारीण. हळूहळू त्या आपणहून उठून जायला लागल्या. यात वेळ जातो आणि दुपारी थोडेच पेशंट होतात. ट्रस्टच्या माणसांनी तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, मग दुसरी डॉक्टर बघा. त्यांनी अजून बघितलेली नाही.

सोयाबीन कापणीला आलं होतं तेव्हा एका दुपारी पडद्यावर मावशी आल्या. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "आदी तुमची खोली दावा."

मी टॅब फिरवला.

"मिस्टर कुठं हायत?"

"बाहेर बसलेत."

"बराबर."

मग त्यांनी त्यांची खोली फिरवली. भिंत, खाट, ती जाऊ, तिनं हात हलवला. आणि मग ती. डोक्यावर पदर नाही, गालफडं बसलेली, पण उठून बसलेली. समोर. स्वतः. मी तिला दोन-दोनदा पापण्या ओढायला लावल्या, दारात उभं केलं, पुन्हा ओढायला लावल्या. पांढरे होते. पण मला आणखी दोन गोष्टी दिसल्या होत्या. तिची मांडी रिकामी होती. आणि मावशींनी खोलीचा डावा कोपरा मला दाखवला नव्हता.

नेमकं काय विचारायचं ते मला विचारवेना. जिचं लेकरू गेलंय तिला "लेकरू कसंय?" कसं म्हणायचं? ती हसत नव्हती, रडतही नव्हती. ती डावीकडे बघत होती. मी मग मला येतो तोच प्रश्न विचारला.

"मावशी, खोलीत आणखी कोण आहे?"

"कोन बी न्हाई," मावशी ठासून म्हणाल्या.

आणि डावीकडून रडणं आलं.

पडद्याच्या कडेला जावेचा हात झोळीची दोरी ओढताना दिसायचा, जायचा, परत दिसायचा. मी मावशींकडे बघितलं. त्यांनी डोळ्याची पापणीसुद्धा हलवली नाही.

"कोन बी न्हाई, म्याडम," त्या पुन्हा म्हणाल्या. "नजर लागती."

मी कानाला टॅब लावला. लोक लावायचे तसाच. चांगलं खणखणीत रडणं होतं, बेंबीच्या देठापासून. मध्ये श्वास घेत होतं, पुन्हा सुरू होत होतं. दम लागत नव्हता. धाप नव्हती. मी डोळे मिटून ऐकत राहिले. बाहेरून ह्यांनी दार वाजवलं. "काय गं, लाईन तुटली का?"

"नाही," मी म्हटलं, आणि मग टॅबमध्ये म्हटलं, "बरं मावशी. नसेल कोणी."